चिन्ह म्हणजे हुकूम : पायथनमधले ऑपरेटर समजून घेताना

गुरुग्रामहून मी, तुमचा निवृत्त कर्नल, पुन्हा एकदा हजर आहे. नेहमीच्या लोकांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो : मी तोफखान्याचा माणूस. नोकरी संपल्यावर, पन्नाशी उलटल्यावर पायथन शिकायला घेतलं. त्यामुळे मी जे सांगतो ते एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याला सांगितल्यासारखं समजा. मागच्या भागात आपण व्हेरिएबल आणि त्यांचे प्रकार बघितले. पूर्णांक वेगळा, दशांश वेगळा, मजकूर वेगळा. आज ऑपरेटर.

विषय सोपा वाटतो. बेरीज, वजाबाकी, मोठं, लहान. चौथीतल्या मुलाला येतं, त्यात शिकायचं काय? मलाही असंच वाटलं होतं. म्हणून आधी माझी एक चूक सांगतो.

आम्ही काही निवृत्त फौजी मंडळी दरवर्षी थोडे पैसे जमवून शहीद आणि दिवंगत जवानांच्या मुलांची शाळेची फी भरतो. मोठी संस्था वगैरे काही नाही, आठ-दहा जण आहोत. २०१९ च्या उन्हाळ्यात ४३ अर्ज आले होते. ठरलं असं, की यंदा गणितात ६० किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या मुलांना घ्यायचं. मी नुकता पायथन शिकलेला, हात शिवशिवत होते. म्हटलं, यादी मी काढतो. पाच मिनिटांत काढली, सगळ्यांना कळवली, शाबासकी मिळाली.

चार दिवसांनी रेवाडी जिल्ह्यातून एका वीरपत्नीचा फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. म्हणाली, "साहबजी, बेटी का नाम नहीं आया। सौ में से सौ हैं। इससे ऊपर तो होता ही नहीं।"

मी अर्ज काढून बघितला. शंभरपैकी शंभर. यादीत नाव नाही. मग यादी वरून खाली वाचली, तर त्यात एक मुलगा होता, गणितात गुण ९. नव्वद नाही, नऊ.

हे कसं झालं, ते थोड्या वेळाने सांगतो. कारण ते समजायला आजचा सगळा धडा लागणार आहे.

एक सूचना. मी इथे अंक आणि सूचना देवनागरीत लिहितो आहे. व्हेरिएबलचं नाव पायथन ३ मध्ये देवनागरीत खरोखर चालतं, पण अंक आणि अँड, ऑर, नॉट, इंट यांसारखे पायथनचे स्वतःचे शब्द कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.

हुकूम आणि ज्यांना हुकूम आहे ते

ऑपरेटर म्हणजे एक चिन्ह किंवा छोटा शब्द, जो यंत्राला सांगतो, "हे कर." आणि ज्यांच्यावर करायचं त्यांना म्हणतात ऑपरंड. ५ + ३ मध्ये + हा ऑपरेटर, ५ आणि ३ हे ऑपरंड. फौजी भाषेत, चिन्ह म्हणजे हुकूम आणि दोन्ही बाजूंना उभे आहेत ते जवान. मैदानात कोणी नसताना "आगे बढ़" ओरडून काही होत नाही. चिन्हाला एकट्याने अर्थ नाही.

पहिली गोष्ट, जिथे बरेच नवशिके अडकतात. एक बरोबर आणि दोन बरोबर.

बरोबरचं चिन्ह छापील पुस्तकात पहिल्यांदा आणलं ते वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने, १५५७ साली. दोन समांतर रेषांइतकं सारखं दुसरं काय असणार, असा त्याचा विचार. शाळेत आपण तोच अर्थ शिकलो : डावीकडचं आणि उजवीकडचं सारखं आहे. पायथनमध्ये एकट्या = चा तो अर्थ नाही.

गुण = ६०

याचा अर्थ, गुण नावाच्या डब्यात ६० ठेव. हा हुकूम आहे.

गुण == ६०

याचा अर्थ, गुण ६० आहेत का? हा प्रश्न आहे. उत्तर हो किंवा नाही, पायथनच्या भाषेत ट्रू किंवा फॉल्स.

घरातलं उदाहरण घ्या. "दार बंद!" आणि "दार बंद?" शब्द तेच, पण पहिल्याने माणूस उठतो, दुसऱ्याने फक्त उत्तर देतो. एकदा हा फरक कानात बसला की = आणि == ची गल्लत होत नाही.

म्हणूनच गुण = गुण + ५ ही ओळ बघून गणिताच्या शिक्षकांना धक्का बसतो, पण पायथनला बसत नाही. उजवीकडचा हिशेब आधी होतो, मग उत्तर डावीकडच्या डब्यात जातं. जुने गुण काढा, त्यात पाच मिळवा, परत ठेवा.

बाकी : सगळ्यात दुर्लक्षित चिन्ह

बेरीज, वजाबाकी, गुणाकार सोडून देतो. भागाकाराकडे या. पायथनमध्ये भागाकाराची तीन चिन्हं आहेत.

समजा ५० जवान हलवायचे आहेत आणि एका ट्रकमध्ये १६ बसतात.

५० / १६ केलं तर ३.१२५. हिशेब बरोबर, पण ३.१२५ ट्रक कुठल्याच डेपोत मिळत नाहीत.

५० // १६ केलं तर ३. म्हणजे तीन ट्रक पूर्ण भरले.

५० % १६ केलं तर २. म्हणजे दोन जवान अजून रस्त्यावर उभे आहेत.

चांगला अधिकारी तिसरा आकडा आधी बघतो. चौथा ट्रक लागणार आहे हे तो आकडा सांगतो. हे % टक्क्याचं चिन्ह नाही बरं का, इथे ते बाकी काढतं.

तोफखान्यात आम्ही वर्तुळाचे ३६० अंश नाही, ६४०० मिल करतो. आता तोफेची दिशा ६२०० मिल आहे आणि उजवीकडे ५०० मिल फिरवायची आहे. बेरीज ६७०० येते. वर्तुळात ६७०० नावाची जागाच नाही. ६७०० % ६४०० म्हणजे ३००, ही खरी दिशा. रात्री दहाला निघालेली पाच तासांची गाडी सत्तावीस वाजता पोचत नाही, तीन वाजता पोचते, तोच हिशेब.

आता उलटं करा. दिशा १०० मिल, डावीकडे ३०० फिरवायची. वजाबाकी उणे २००. पायथनमध्ये -२०० % ६४०० चं उत्तर ६२०० येतं, अगदी हवं तसं. सी भाषेत तोच हिशेब उणे २०० च देतो. चिन्ह तेच, भाषा बदलली, उत्तर बदललं. म्हणून दुसऱ्या भाषेतून आलेल्याने "मला हे चिन्ह येतं" असं गृहीत धरू नये.

मी स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्रॅम याच चिन्हावर होता. गुरुग्राम-दिल्लीच्या लोकांना १ ते १५ जानेवारी २०१६ हे दिवस आठवत असतील. प्रदूषणासाठी दिल्ली सरकारने सम-विषम योजना आणली होती. गाडीच्या नंबरातला शेवटचा अंक विषम असेल तर विषम तारखेला, सम असेल तर सम तारखेला गाडी काढायची. सकाळी आठ ते रात्री आठ. मोडला नियम तर २,००० रुपये दंड. हरियाणाची नंबर प्लेट असली तरी सीमा ओलांडली की नियम लागू. माझ्या गाडीचा शेवटचा अंक ७, आणि मला दिल्ली कॅन्टोन्मेंटला वरचेवर जावं लागायचं.

तारीख % २ == नंबर % २

इतकीच ओळ. दोनने भागून बाकी १ म्हणजे विषम, बाकी ० म्हणजे सम. दोन्ही बाक्या सारख्या तर गाडी काढा. तेव्हा शेजाऱ्यांमध्ये वाद व्हायचा, शेवटचा अंक शून्य असेल तर काय? ० % २ चं उत्तर ०, म्हणजे शून्य सम. सरकारच्या नियमातही शून्य समच होतं.

आधी कोण?

वरच्या ओळीत % आणि == अशी दोन वेगळी चिन्हं आहेत. पायथनने आधी बाकी काढली, मग तुलना केली. हा क्रम कोण ठरवतं? भाषेने आधीच ठरवून ठेवलेला आहे. फौजेत असतो तसा हुद्द्यांचा क्रम. सगळ्यात आधी कंस. मग घात, म्हणजे दोन तारे. मग गुणाकार आणि तिन्ही प्रकारचे भागाकार. मग बेरीज-वजाबाकी. मग तुलना. त्यानंतर नॉट, मग अँड, आणि सगळ्यात शेवटी ऑर.

आपण शाळेत हे कंचेभागुबेव म्हणून पाठ केलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पाठांतर चांगलं आहे, पण त्यात एक खड्डा आहे. १० - ४ + ३ किती? कंचेभागुबेव अक्षरशः धरलं तर बेरीज आधी : चार आणि तीन सात, दहातून सात गेले, उत्तर ३. चूक. बेरीज आणि वजाबाकी एकाच हुद्द्याच्या, त्यांच्यात ज्येष्ठ-कनिष्ठ नाही, डावीकडून जो आधी येईल तो. उत्तर ९. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. ७ * ५ // २ चं उत्तर पायथन १७ देतं, कारण आधी ३५ झाले. भागाकार आधी केला असता तर १४ आले असते. अपवाद फक्त घाताचा, तो उजवीकडून सुरू होतो. २  ३  २ म्हणजे दोनचा नववा घात, ५१२. डावीकडून केलं असतं तर ६४.

हे लक्षात ठेवायला अवघड वाटतं का? मग ऐका, तुम्ही मराठी बोलता म्हणजे हे रोज करता.

पावणेदोनशे म्हणजे किती? १७५. सगळ्यांनी पटकन सांगितलं असेल. आता यंत्र होऊन विचार करा. पावणे म्हणजे पाव कमी. दोनशेत पाव कमी केला तर १९९.७५ यायला हवे. पण मराठी माणूस तसं कधीच करत नाही. तो आधी दोनातून पाव काढतो, पावणेदोन करतो, मग त्याला शंभरने गुणतो. म्हणजे आपल्या कानात कंस आहे :

(२ - ०.२५) * १००

साडेतीनशे म्हणजे (३ + ०.५) * १००. एकोणपन्नास म्हणजे पन्नासात एक उणा. सव्वा, साडे, पावणे, एकोण हे सगळे आपल्या भाषेतले ऑपरेटर आहेत. आमच्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं शाळेत घोकलं. औट म्हणजे साडेतीन, हे आता किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. त्या लोकांना कोणी हा क्रम शिकवला नाही, बोलता बोलता अंगवळणी पडला.

फरक एवढाच, की पायथनला तुमच्या कानातला कंस ऐकू येत नाही. तो कागदावर घालावा लागतो. शंका असेल तिथे कंस घाला. कंसाला पैसे पडत नाहीत. मी आयुष्यभर तोंडी हुकूम दिले, आणि एक शिकलो : समोरच्याला दोन अर्थ काढता येतील असा हुकूम दिला, तर तो नेमका नको तो अर्थ काढतो.

आणि, किंवा, नाही

सम-विषमच्या त्या जानेवारीत सवलतीही होत्या. रविवारी नियम नाही. दुचाकीला नाही. सीएनजी गाडीला नाही. आणि गाडीत फक्त महिला असतील, सोबत बारा वर्षांपर्यंतची मुलं असली तरी, त्यांना नाही. आमच्या घरी याचा परिणाम असा, की सम तारखेला माझी गाडी आमच्या सौभाग्यवती शेजारणीला घेऊन थाटात दिल्लीला न्यायच्या. मी गाडीत बसलो की नियम मोडायचा. म्हणजे घरातली अडचण मीच होतो. हे पायथनमध्ये असं :

रविवार ऑर महिला_चालक अँड नॉट पुरुष_सोबत

क्रम आठवा. आधी नॉट : पुरुष सोबत नाही. मग अँड : चालक महिला आणि पुरुष सोबत नाही. शेवटी ऑर : रविवार, किंवा ही सगळी अट. इथे कंसाशिवायही अर्थ बरोबर लागतो. पण महिन्याने तुम्हीच वाचाल तेव्हा डोकं खाजवाल, म्हणून कंस घालाच.

यंत्र इथे एक हुशारी करतं. ऑरच्या डावीकडचं उत्तर ट्रू आलं, तर ते उजवीकडे बघतच नाही. सीमेवरच्या हवालदारासारखं. आज रविवार आहे म्हटल्यावर तो काच खाली करायला सांगून आत कोण बसलंय ते बघत नाही. अँडचं उलट, डावीकडचं फॉल्स निघालं की पुढचं विचारायची गरज नाही.

आणि एक मराठी माणसाचा खास घोटाळा. आपण बोलतो, "वार शनिवार किंवा रविवार असेल तर सुट्टी." तसंच लिहितो :

वार == 'शनिवार' ऑर 'रविवार'

आणि मग पायथनच्या राज्यात रोज सुट्टी! कारण त्याने हे असं वाचलं : वार शनिवार आहे का? नसेल तर 'रविवार' हा शब्द. आणि रिकामा नसलेला कुठलाही शब्द पायथनच्या लेखी "हो" असतो. प्रश्न पूर्ण, दोनदा विचारायचा :

वार == 'शनिवार' ऑर वार == 'रविवार'

माणूस मधलं गाळलेलं समजून घेतो. यंत्र घेत नाही.

चिन्ह तेच, जवान वेगळे

आता शेवटचा मुद्दा, आणि माझी चूक.

फौजेत "लोड" म्हटलं, तर तोफेजवळचा जवान गोळा भरेल. तोच शब्द ट्रकजवळ उभ्या असलेल्याला सांगितला तर तो सामान चढवेल. हुकूम एक, काम दोन, कारण समोर कोण आहे त्यावर काम ठरतं. पायथनचे ऑपरेटर असेच वागतात.

१२ + ५ म्हणजे १७.

'१२' + '५' म्हणजे '१२५'.

अवतरण चिन्हात घातलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मजकुरासमोर + आलं की बेरीज नाही, जोडणी. 'जय हिंद ' * ३ केलं तर जय हिंद तीनदा. आणि १२ + '५' असं भेसळीचं केलं, तर पायथन काम करायला नकार देतो. प्रकार जुळत नाहीत, म्हणतो आणि थांबतो.

हेच तुलनेच्या चिन्हांचं. आकड्यांसमोर > म्हणजे किमतीने मोठा. मजकुरासमोर > म्हणजे शब्दकोशात नंतर येणारा. शब्दकोशात आपण पहिलं अक्षर बघतो, ते सारखं असेल तरच दुसरं. मग '१००' आणि '६०' यांच्यात मोठा कोण? पहिलं अक्षर १, दुसऱ्याचं ६. एक आधी येतो, सहा नंतर. म्हणून मजकूर म्हणून '१००' हा '६०' पेक्षा लहान. आणि '९'? नऊ सहाच्या नंतर येतो, म्हणून '९' हा '६०' पेक्षा मोठा.

कळलं ना, त्या मुलीचं नाव कुठे गेलं?

अर्जांची माहिती मी एका फाइलमधून वाचली होती. तशा फाइलमधून आलेले गुण मजकूर म्हणून येतात. मी लिहिलं, गुण >= ६०. पायथन थांबला. म्हणाला, मजकुराची आकड्याशी तुलना होत नाही. त्या वेळी मला हे कळलं नाही. मी म्हटलं, हा मजकूर मागतोय, देऊ मजकूर. ६० भोवती अवतरण चिन्हं घातली. चूक गेली, यादी आली. मी खूश.

मंडळी, पहाऱ्यावरच्या संतरीने मला हटकलं होतं. मी नीट ओळख पटवायच्या ऐवजी त्याला गप्प केलं.

आणि मी तपासणी केली नव्हती असंही नाही. ७२ टाकून बघितलं, आत आला. ४५ टाकून बघितलं, बाहेर राहिला. दोन अंकी आकडे मजकूर म्हणूनही बरोबरच लागतात, म्हणून चूक लपून राहिली. ती फक्त टोकांना होती, एक अंकी आणि तीन अंकी गुणांवर. ४३ अर्जांत अशी दोनच मुलं. तोफखान्यात आम्ही पल्ल्याच्या दोन्ही टोकांना तोफ तपासायचो. ही सवय मी घरी आल्यावर विसरलो.

दुरुस्ती एका शब्दाची होती :

इंट(गुण) >= ६०

इंट म्हणजे मजकुराचा आधी पूर्णांक कर, मग तुलना कर.

दशांशाची बाजू

कोणी म्हणेल, कर्नलसाहेब, आकडाच असेल तर मग भीती नाही ना? थोडी आहे. पायथनला विचारा, ०.१ + ०.२ == ०.३ का? उत्तर फॉल्स. बेरीज छापून बघितली तर ०.३०००००००००००००००४ येते. कारण यंत्र दोनाच्या पटीत मोजतं, आणि एक दशांश त्या पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही. ०.३३३ लिहीत राहायचं आणि कुठेतरी थांबायचं.

हा पुस्तकी मुद्दा नाही. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धहरान. इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी बरॅकवर पडलं, २८ सैनिक गेले. तिथली पॅट्रियट यंत्रणा चालू होती, पण ती त्या स्कडवर सुटलीच नाही. तिचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजायचं आणि सेकंद काढायला त्या आकड्याला एक दशांशने गुणायचं. तो एक दशांश २४ बिटांत कापून बसवलेला होता. एका गुणाकारात चूक नगण्य. पण यंत्रणा सलग शंभर तास चालू होती, तोवर चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा चुकीच्या जागी आकाश शोधत राहिली. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला.

योगायोग बघा, गिडो व्हॅन रोसम यांनी पायथनची पहिली आवृत्ती जगासमोर आणली ती त्याच महिन्यात, फेब्रुवारी १९९१ मध्ये.

म्हणून दशांशांना == विचारू नका. फरक अगदी लहान आहे का, असं विचारा. आणि पैशाचा हिशेब रुपयांच्या दशांशात नको, पैशांत, पूर्णांकात करा.

शेवटी, यादीचं काय झालं

मी रेवाडीकडे फोन केला नाही, गाडी काढून गेलो. चूक माझी होती, तुमच्या मुलीची नाही, हे तोंडावर सांगणं मला गरजेचं वाटलं. मुलीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कंप्यूटरला शंभर लहान कसे वाटले? मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर '१००' आणि '६०' लिहून दाखवलं. तिला दोन मिनिटांत कळलं. मला चार दिवस लागले होते.

नऊ गुणांच्या मुलाचं नाव आम्ही कापलं नाही. त्याच्या घरी बातमी गेली होती, पेढे वाटून झाले होते. माझ्या चुकीची किंमत त्याने का द्यायची? त्याची फी मी माझ्या पेन्शनमधून भरली, एका अटीवर, की रविवारी सकाळी तो फोनवर माझ्याबरोबर गणित करेल. पुढच्या वर्षी त्याला ४१ पडले. यावेळी मी आकडा म्हणून तपासले.

तर आजची कवायत तीन प्रश्नांची. कुठलाही ऑपरेटर लिहिण्याआधी विचारा. एक, याच्या डावी-उजवीला कोण उभं आहे, आकडा की मजकूर, पूर्णांक की दशांश? दोन, एका ओळीत अनेक चिन्हं असतील तर आधी कोण, आणि तिथे कंस घातला का? तीन, दोन्ही टोकांचे आकडे टाकून तपासलं का? आणि पायथनने चूक दाखवली, तर तिला गप्प करू नका, ती काय म्हणते ते वाचा.

गृहपाठ. पावणेदोनशे, साडेतीनशे आणि सव्वाशे पायथनमध्ये लिहा, कंसासह आणि कंसाशिवाय, दोन्ही उत्तरं बघा. मग '९' > '१०' आणि ९ > १० चालवून बघा. आणि तुमच्या घरच्या गाडीचा नंबर घेऊन सम-विषमचा प्रोग्रॅम करा, सवलतींसह.

पुढच्या भागात इफ आणि एल्स. म्हणजे उत्तर हो आलं तर काय करायचं आणि नाही आलं तर काय. तोवर प्रकृतीला जपा, आणि रोज अर्धा तास सराव करा.

जय हिंद. जय महाराष्ट्र.